तिसरा पंख

आमचा छापखाना पॅरिसमधल्या एका बोळात. गुळगुळीत दगडावर चित्रकार तेलकट खडूनं चित्र काढणार, मग मी ओला स्पंज फिरवायचा, माझ्या नवऱ्यानं, फिर्मँनं, शाईचा रूळ चालवायचा आणि वर कागद दाबायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, रेघेवर धरते. सगळी करामत एवढीच.

त्या वर्षी मला सातवा महिना होता. आधीची माझी दोन्ही बाळं जन्मली, पण रडलीच नाहीत. हे तिसरं जगावं, बाकी मला काही नको होतं. आणि नेमके तेव्हाच चित्रकार कादोरेलसाहेब आपलं चित्र घेऊन आले. माशाचं अंग, घुबडाचे पंख आणि चेहरा तान्ह्या बाळाचा.

सासूबाई किंचाळल्याच. "अगं बाई! पोटुशीनं असलं बघितलं तर पोटात तस्संच होतं! खबरदार नजर टाकलीस तर!"

"मग स्पंज कोण फिरवणार? तुम्ही?"

"माझ्या कंबरेची काय दशा झालीये ते बघतेस ना? डोळे मिटून फिरव."

हसू नका, मी खरंच मिटले! एक कोपरा कोरडा राहिला, तिथं शाई धरली, आणि घुबडाच्या पंखांशेजारी हा एवढा काळा डाग उमटला.

"ओनोरीन, वाया गेला ना कागद!" फिर्मँ ओरडला.

कादोरेलसाहेबांनी मात्र कागद उजेडात धरला. "वा! तिसरा पंख. मला जन्मात सुचला नसता. राहू द्या."

"झालं! आता तीन पंखांचं होणार," सासूबाई क्रूसाची खूण करत म्हणाल्या.

मग मला राहवेना. मी डोळे उघडले. भीती कसली वाटते! ते बाळ करड्या पाण्यात निवांत तरंगत होतं. त्या दिवसापासून दुपारी डुलकी लागली की ते यायचं, खोलीभर पोहायचं, पडद्याआड शिरायचं, माझ्या पोटावर गाल टेकायचं. मागून आणखी दोघं यायची, इवलीशी. ती माझीच होती. जाग आली की मी रडायचे, पण मनाला फार बरं वाटायचं. घरात कुणाला बोलले नाही.

मार्चमधल्या एका सकाळी मी बाळंत झाले. मुलगा झाला, आणि खोलीत चिडीचूप. सुईणीनं पाठीवर थोपटलं, पाय चोळले. काही नाही. ती माझ्याकडे बघेना, तेव्हा माझं काळीज फाटलं.

सासूबाईंनी त्याला तिच्या हातून हिसकावून घेतलं, पाय धरून उलटा केला, चापट मारली.

"अरे, पंख असू देत, शेपूट असू दे, खवले असू देत, मी सांभाळीन तुला! नुसता रड रे राजा, एकदा रड!"

तो रडला. त्या त्याच्याहून मोठ्यानं रडल्या, आणि अंगावर काय आहे, काय नाही, हे बघायचं कुणालाच सुचलं नाही.