हिमबिबट्याची वाट पाहणारा कॅमेरा

हो, मीच बोलतोय. नारिनच्या डोंगरात, खिंडीतल्या कातळाला पट्ट्याने जखडलेला कॅमेरा. समोरून ऊब असलेलं काही हललं की मी आपणहून फोटो काढतो. बटण दाबायला मला माणूस लागत नाही.

पहिल्यांदा वनरक्षक कुबातने मला खाली झऱ्याकाठच्या झाडाला बांधलं होतं. जगातल्या देशांनी म्हणे मिळून ठरवलंय, जमिनीचा जवळजवळ तिसरा हिस्सा निसर्गासाठी राखायचा. उत्तम! पण कुठला हिस्सा? आमच्या दरीवर सोन्याच्या खाणवाल्यांचाही डोळा. जिल्ह्याच्या साहेबांनी कुबातला सुनावलं, "वसंतापर्यंत हिमबिबट्याचा फोटो आण. नाहीतर दरी खाणीला गेली म्हणून समज."

उन्हाळाभर मी डोळ्यांत तेल घालून बसलो. आणि टिपलं काय? चिंधी!

उन्हाळा सरताना कुबातने फोटो पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. झाडाला बांधलेली पांढरी चिंधी उन्हात तापायची, वाऱ्यावर फडफडायची आणि मी मूर्खासारखा तिलाच टिपत बसायचो. माझ्यातली फोटोंची जागा भरली, सेल संपले.

तेवढ्यात शेजारच्या कुरणावरून मेंढपाळ बुरुल अपा – वडीलधाऱ्या बाईला इथं अपा म्हणतात – घोडीचं आंबवलेलं दूध घेऊन आल्या.

"अपा, ही चिंधी कुणी बांधली?" कुबातने विचारलं.

"मी. का रे?"

"का रे काय! घात केलात माझा!"

"घात? अरे, तुला तो बिबट्या दिसू दे म्हणूनच बांधली ना!"

झऱ्याकाठच्या झाडाला नवसाची चिंधी बांधायची, ही इथली रीतच. मला हसावं की रडावं कळेना. कुबातने सुरी काढली, तशा अपा आडव्या आल्या.

"खबरदार! बांधलेला नवस कुणी कापत नाही. तुझ्या आईनेही तुझ्यासाठी चिंधी इथंच बांधली होती."

"मग मी काय करू? खाणवाल्यांसाठी चहा ठेवू?"

"झाड हलायचं नाही. तुझं यंत्र हलव की!"

कुबातला हसू आवरेना. त्याने चिंधीचे फोटो पुसले आणि दोघांनी मला इथं वर आणून बांधलं. अपांनी स्वतःच्या रेडिओतले सेल काढून माझ्यात घातले. "हिवाळाभर बातम्या नाही ऐकल्या तर मरत नाही मी," म्हणाल्या. मला भरून आलं.

मग बर्फ पडला, खिंड बंद झाली. थंडीने सेल अर्धमेले झाले, भिंगावर हिमाचा थर चढला. पण हटलो नाही. अपांचा रेडिओ मुका करून आलोय, रिकाम्या हातानं परतणार नव्हतो!

आणि काल उजाडताना ती आली. जाडजूड शेपटीची मादी, मागे धडपडत दोन पिल्लं. एक पिल्लू तर मला हुंगून गेलं. उरलासुरला जीव एकवटून मी तिघांना टिपलं.

आता अंगात त्राण नाही. बर्फ वितळू लागलाय, खाली खाणवाल्यांच्या गाड्या घरघरू लागल्यात. कुबात, बाबा रे, त्यांच्या आधी पोच. तिघंही माझ्या पोटात आहेत.