बासष्ट किलो भार

शंभूने चपला काढल्या, खिशातली तंबाखूची पुडी क्लबची वही लिहिणाऱ्या शिवदासच्या हातात दिली आणि तो काट्यावर चढला. काटा काजूची पोती तोलायचा. शर्यतीच्या दिवशी तो वेला क्लबच्या धक्क्यावर आणून ठेवत.

"बासष्ट," शिवदास म्हणाला आणि त्याने वहीत लिहिलं: होडी तीन, विनायकबाब, भार बासष्ट किलो.

सत्तावीस वर्षं शंभूच्या वाट्याला या वहीत एवढंच आलं होतं. क्लब त्याच्याही आधीचा. १९३१ साली जकातीवरच्या कुणा पोर्तुगीज साहेबाला शापोरा नदीच्या मुखाशी संध्याकाळ कशी काढावी ते कळेना, म्हणून त्याने मोरजीच्या बाजूला चार होड्या आणि एक बार एवढ्यावर तो सुरू केला; वेला म्हणजे त्यांच्या भाषेत शीड. साहेब गेले, बार राहिला, नियमही राहिले. शिडाच्या हलक्या होडीत सभासदाबरोबर भार हवा, नाहीतर ती कलंडते. आधी वाळूचं पोतं टाकत. पण पोतं वाऱ्याप्रमाणे आपणहून सरकून बसत नाही, माणूस बसतो. म्हणून माणूस. भाराने होडीच्या कशालाही हात लावायचा नाही, असा सातवा नियम. तोंडाबद्दल मात्र नियमात अवाक्षर नव्हतं, आणि म्हापशाचे दातांचे डॉक्टर विनायकबाब अकरा वेळा जिंकले ते शंभूच्या तोंडाच्या जोरावर.

"आता वळया." "दोर सोडा." "थंय वाळू आसा, भायर घेवा."

मुखातला वाळूचा पट्टा दर पावसाळ्यात जागा बदलतो. तो यंदा कुठे बसलाय हे शंभूसारख्यांच्या पायांना ठाऊक असतं.

हे ८७ साल. फेब्रुवारीत कोंकणी राजभाषा झाली, मे महिन्यात गोवा घटकराज्य झालं, आणि क्लबने डिसेंबरात घटकराज्य चषक ठेवला. विजेत्यांचा जुना फळा वाळवीने खाल्लेला, म्हणून सागवानी नवा करायचं ठरलं. त्यावरचा मजकूर कोंकणीत की मराठीत, देवनागरीत की रोमीत, यावर कमिटी चार महिने भांडली. खुर्च्या तेवढ्या उचलायच्या राहिल्या. शेवटी तीन फळे करायचा तोडगा निघाला. नावं तिन्हींवर तीच.

शंभूची बायको सत्यवती क्लबचा हॉल झाडायची. चौथी शिकलेली. एकदा जेवताना ती म्हणाली,

"वीस वर्सां पुसतंय तो फळो. तुमचा नाव काय गावना नाय."

ती चिडून बोलली असती तर शंभूने उलट उत्तर दिलं असतं. पण ती भात वाढता वाढता सहज बोलली, आणि त्याला घास गिळेना. दुसऱ्या दिवशी तो कमिटीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"सतीशबाब, फळ्यार आमचीय नावां घाला. खंयच्याय भाषेत चलतली."

सतीशबाब म्हणजे क्लबचे सेक्रेटरी, डिचोलीच्या एका खाणीच्या हपिसात मोठ्या हुद्द्यावर. माणूस दुष्ट नव्हे. ते हसले.

"अरे शंभू, वाळूच्या पोत्याक कोण नाव घालता रे?"

सगळे हसले. विनायकबाबही हसले. बाकीच्यांचं हसणं शंभू विसरलाही असता.

"बरां," तो म्हणाला आणि घरी गेला.

आज चषकाच्या शर्यतीआधी प्रमुख पाहुण्यांचं भाषण तासभर लांबलं आणि शर्यत सुटेपर्यंत ओहोटी लागली. पाच होड्या निघाल्या. शंभू होडीच्या मधोमध बसला, हात मांडीवर. वारा डावीकडून आला तरी तो सरकला नाही.

"शंभू, वळूं रे आतां?" विनायकबाबांनी विचारलं.

शंभू समोर बघत राहिला.

"अरे, रागार आसा?"

गप्प बसणं त्याला सोपं जात होतं असं नाही. त्याला जिंकायला आवडायचं, खोटं कशाला बोला. शीड फडफडलं की जीभ आपोआप हलायची. ती त्याने दाताखाली धरून ठेवली. विनायकबाब उशिरा वळले, चुकीच्या दोरीला लागले, कपाळाचा घाम पुसू लागले. तरी होडी पुढेच होती. बाकीचे चारही सभासद नेहमीप्रमाणे त्यांच्या मागून येत होते, कारण शंभूची होडी जाते तिथे पाणी असतं हे सगळ्या क्लबला पाठ होतं.

परतताना समोरचं पाणी फिकट झालं. दोन हात उजवीकडे घेतलं तर सुटका होती. शंभूने डोळे मिटले. खालून खरखर झाली आणि होडी थांबली.

त्याने मागे पाहिलं. दुसरी होडी रुतली, मग तिसरी. एकेकीत सभासद ओरडत होता, आणि एकेकीत भार हात मांडीवर ठेवून बसला होता. हरमलचा निवृत्ती तर आभाळाकडे बघत होता, अगदी पोत्यासारखा. शंभूने त्यांतल्या कुणाला एक शब्द सांगितला नव्हता.

"उतर आनी धक्को मार!" विनायकबाब ओरडले.

"सातवो नियम, बाब. हात लावूक गावना नाय."

"मागीर उतर तरी! भार कमी जाल्यार सुटतली!"

"उतारतंय."

पाणी गुडघाभर होतं. होडी तसूभर हलली नाही. शंभू धक्क्याच्या दिशेने चालू लागला. मागे एकामागोमाग चार वेळा पाण्यात पाय पडल्याचा आवाज झाला.

शर्यतीची शेवटची रेषा धक्क्यावरच्या झेंड्याच्या काठीपासून नदीतल्या लाल पिंपापर्यंत. ती जो पहिला ओलांडील त्याच्यासाठी शिवदासने घंटा वाजवायची आणि पाटीवर खडूने नाव लिहायचं, असा नियम. पुढे फळ्यावर चढायचं ते या पाटीवरून. व्हरांड्यातले पाहुणे कपबशा धरून उठून उभे राहिले होते.

सतीशबाबांनी कर्णा तोंडाला लावला. "शंभू! पिंपाच्या भायल्यान वच! रेशेंत येवं नाका!"

बाहेरून वाट होती, दहा पावलं लांबची. शंभूला ते नीट ऐकू आलं. तो पिंपाच्या आतून, कमरेएवढ्या पाण्यातून, सरळ चालत आला.

शिवदासच्या हातात घंटेची दोरी होती. त्याने सतीशबाबांकडे पाहिलं, मग शंभूकडे. घंटा अशी वाजली की पलीकडे शापोऱ्याच्या जेटीवरची माणसं वळून बघू लागली.

"कोणें सांगलें तुका?" सतीशबाबांनी कर्णा आपटला.

"नियमान, बाब," शिवदास म्हणाला. " पयलो वलांडलो ताची घंटा."

शिवदासने खडू घेतला. शंभू पायऱ्या चढून आला तेव्हा शिवदास, सभासदांना विचारायचा तसा ताठ उभा राहून, म्हणाला,

"नाव?"

दोघं एका आळीतले. तरी शंभूने सगळं सांगितलं.

"शंभू रघू मोरजकर."

शिवदासने ते मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि मागच्या चौघांना रांगेत उभं राहायला सांगितलं. व्हरांड्यात कुणीतरी हसायला लागलं होतं, पण त्याला साथ मिळाली नाही. लांब पट्ट्यावर विनायकबाब एकटेच होडी ढकलत होते.

"सत्यवती!" सतीशबाब ओरडले. "पूस तें! आताच्या आतां पूस!"

सत्यवती हॉलच्या दारात ओलं फडकं घेऊन उभी होती. ती पुढे आली. पाटीपाशी थांबून तिने नाव वाचलं, ओठ हलवत, एकेक अक्षर. मग तिने फडकं घट्ट पिळलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

"तोंड पुसा आधी," ती म्हणाली. "खारा सुकता."