म्हशींची घळ

भोगावतीच्या काठावर राजमतीचं उसाचं रान, आणि रानाला लागून ताजबीचा गोठा. ताजबीच्या म्हशी रोज एकाच वाटेनं नदीत उतरायच्या. वर्षानुवर्षं खुरं पडून पडून ती वाट खचली आणि तिची माणूसभर खोल घळ झाली. यंदाच्या पुरात नदी त्याच घळीतून आत घुसली. जाताना राजमतीचा बांध आणि कडेच्या चार सऱ्या घेऊन गेली.

पाणी ओसरताच राजमती गोठ्यावर आली.

"ताजबी, तुझ्या म्हशींनी नदीला दार पाडून दिलंय. उद्यापासनं ती वाट बंद. मी काट्या लावतो."

"लाव की! आणि म्हशी काय नळाखाली बसवू?"

भांडतच दोघी घळ बघायला गेल्या. दोन्ही कडा ढासळल्या होत्या. फक्त एका जागी कड जशीच्या तशी उभी होती. तिथं वाळुंजाचं जुनं झाड होतं आणि त्याच्या मुळांनी माती आवळून धरली होती.

ताजबीनं मुळांवर हात ठेवला. "हितली माती गेलीच न्हाय, आक्का."

"मग सगळ्या घळीत वाळुंजच लावू," राजमती म्हणाली. "नुसती फांदी खोचली तरी फुटतोय. म्हशी पलीकडच्या खडकावरनं उतरव. खडक काय खुरांनी खचत न्हाय."

फांद्या लावल्या, काट्याही घातल्या. पण म्हशी हटेनात. पुढारीण म्हशीनं काट्या तुडवून कोवळे फुटवे ओरबाडले. राजमती पुन्हा तणतणत आली, तेव्हा ताजबी पेंडीची पाटी घेऊन निघालीच होती. तिनं ती खडकाच्या तोंडाशी ठेवली, रोज ठेवत राहिली. आधी पुढारीण वळली, मग तिच्यामागं सगळा कळप.

दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत घळीत वाळुंज डोक्याइतका उंच झाला. नदी फुगली. दोघी छत्र्या घेऊन सडकेवर उभ्या राहिल्या. पाणी घळीत शिरलं, पण फांद्यांत अडखळलं. त्याचा जोर मोडला. रानात पसरलं ते तळ्यासारखं संथ. पाणी उतरलं तेव्हा घळ गाळानं निम्मी भरली होती. नव्यानं घातलेला बांध जागेवर होता, आणि गेल्या साली खरवडून गेलेल्या पट्ट्यावर वीतभर काळी माती बसली होती.

राजमतीनं ती मुठीत दाबून बघितली.

"आता हितं काय लावणार?" ताजबीनं विचारलं.

"चिखल सुकून वापसा आला की मका टाकतो. वैरण तू कापून ने."

"फुकट?"

"फुकट कसली? शेणखत घालशील की!"

ताजबी मोठ्यानं हसली आणि धारा काढायला गोठ्याकडं वळली.