दुरुस्तीआधीची प्रत

बिघडलेल्या डिस्कला हात लावण्याआधी तिची प्रत काढायची आणि जी काही चिरफाड करायची ती त्या प्रतीवर, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक शहाण्याला घसा फोडून सांगत असतो. पण त्या दुपारी ताई फाटलेला ओठ रुमालाने दाबत समोर येऊन बसली आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. भावजींनी तिला स्वयंपाकघरात हातोडीने मारलं होतं, वर घरातल्या कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबाही फोडला होता. त्या डब्यातली डिस्क तिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

"जिन्यावरून पडली म्हणून सांगत सुटलाय सगळ्यांना," ती म्हणाली. "यातलं निघालं तरच माझं कोणी ऐकेल."

आधी मी डिस्क नुसती तपासली. तपासणीत फक्त वाचलं जातं, डिस्कवर काही लिहिलं जात नाही. चित्रण तुकड्यातुकड्यांनी दिसलं: भावजींचा उगारलेला हात, हातोडी, कपाटावर आपटणारं ताईचं डोकं. माझं रक्त उसळलं. वकिलांपुढे ठेवायला अख्खं चित्रण हवं होतं आणि प्रत काढत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती, म्हणून मी सरळ मूळ डिस्कवरच दुरुस्ती सुरू केली. संगणक प्रत्येक तुटलेल्या दुव्यापाशी थांबून विचारत होता, जोडू का? आणि मी भावजींना शिव्या हासडत हो म्हणत गेलो.

दुरुस्ती झाल्यावर चित्रण सलग, स्वच्छ चाललं. तेच स्वयंपाकघर, तेच कपाट. हातोडी मात्र ताईच्या हातात होती. भावजी गुडघ्यांवर कोसळले होते आणि ती त्यांच्या डोक्यात घाव घालत होती, भिंतीत खिळा ठोकावा तशी, नेम धरून, ते हलायचे थांबल्यावरही. मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं. भावजींचा तो उगारलेला हात कुठेच नव्हता.

"ताई, काहीतरी भलतंच जोडलं गेलंय," मी कसंबसं म्हणालो.

ती उठून माझ्या मागे उभी राहिली आणि शेवटपर्यंत शांतपणे पाहत राहिली. तिच्या ओठावर आता जखमेची खूणही नव्हती.

"आधीचं परत आणता येईल?"

"नाही. प्रत काढलीच नाही मी."

"असू दे रे." लहानपणी करायची तसे तिने माझे केस विस्कटले. "चल, ऊठ. त्याला उचलायला मला एकटीला जमायचं नाही."