कुंकू लावलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. इंदापुरात भंगाराच्या दुकानाबाहेर मी भिंतीकडे तोंड करून उभी असते. शाळेत जाता-येता तुम्हाला दिसते ती माझी पाठ. त्या कोऱ्या लाकडावर निळ्या शाईनं चौकटी आखून काही आकडे, फुल्या आणि टिंबं लिहिलेली आहेत. परवा तुमच्यातल्या एकीनं ते आकडे मोठ्यानं वाचले आणि म्हणाली, "हे कसलं गणित हाय गं?" ते कुणी लिहिलं आणि माझ्या तोंडावर काय लिहिलेलं आहे, ते आज सांगते. दिवेलागणीची वेळ झाली की मला ते आठवतंच. मग सांगून टाकलेलं बरं.

साखर कारखान्याला यंत्रांचे सुटे भाग ज्या खोक्यांतून येतात, तसल्या एका खोक्याची मी फळी. १९८८ साली बारामतीच्या म्हस्कू पेंटरनं माझ्यावर रंधा मारला, निळ्या रंगाचे दोन हात दिले आणि ब्रश हातात धरून विचारलं, "काय लिवायचं, मालक?"

मालक म्हणजे सर्जेराव. इंदापूरच्या एस.टी. स्टँडसमोर त्यांनी नुकतंच आठ खोल्यांचं 'निवांत लॉज' काढलं होतं.

"समद्या लॉजवर असतंय तेच लिव की."

"तसं का? तुमच्या खोल्यांना कुलपं न्हाईत का?"

"हायत. पर लिवून ठेवल्यालं बरं असतंय."

म्हस्कू हसला आणि त्यानं पांढऱ्या, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं : 'आपल्या सामानाची काळजी आपण घ्यावी. सामान चोरीस गेल्यास मालक जबाबदार नाहीत.'

मित्रांनो, पाटीला एवढंच बोलता येतं. जे लिहिलं तेच, जन्मभर.

जिना चढून आलं की समोर टेबल, टेबलामागे मॅनेजर दत्तोबा, त्याच्या डोक्यावर आठ खिळे, खिळ्यांना आठ किल्ल्या, आणि त्यांच्यावर मी. लॉजची रीत अशी की बाहेर जाताना पाहुण्यानं किल्ली दत्तोबाकडे द्यायची, दत्तोबानं ती खिळ्याला अडकवायची. सुरुवातीची वर्षं माझा फार मान होता. कुणाची छत्री गेली, कुणाचं घड्याळ गेलं, की सर्जेराव एक शब्द न बोलता माझ्याकडे बोट करायचे. समोरचा वाचायचा आणि मान खाली घालून निघून जायचा. आपण दोन ओळींत तंटा मिटवतो, याचा मला अभिमान वाटायचा.

खोल्या झाडायला छबूबाई होती. पन्नाशीची, काटक, डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणारी. ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं मला पुसायची. अक्षरांच्या कडेनं फडकं फिरवायची, चित्र पुसावं तसं. तिला वाचता येत नव्हतं. एक दिवस तिनं विचारलं, "दत्तोबाभाऊ, काय लिवलंय वो ह्याच्यावर? जो तो वाचून गपगार हुतोय."

दत्तोबा बिडी शिलगावत होता. त्याला लहर आली.

"तुमचंच नाव हाय की, छबूबाई."

"माजं? चेष्टा नगा करू."

"आईशप्पथ! लिवलंय, हितल्या सामानाची जबाबदारी छबूबाईवर हाय. मालकानी मुद्दाम लिवून घेतलंय."

ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग पदरानं माझा एक कोपरा पुन्हा पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

दत्तोबा ते चार दिवसांत विसरला. छबूबाई विसरली नाही. त्या दिवसापासून पाहुणे जेवायला बाहेर पडले की ती कामं उरकून जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर येऊन बसायची आणि ते परत येईपर्यंत हलायची नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "माज्यावर हाय ना ते." खंडेनवमीला लोक आपापली हत्यारं पुजतात. शेतकरी विळा-कोयता पुजतो, शिंपी मशीन पुजतो. छबूबाई झाडू, बादली पुजायची आणि मग स्टुलावर चढून मला कुंकवाचं बोट लावायची. झेंडूचं फूलही ठेवायची. अशी नऊ वर्षं. सर्जेराव हसायचे, "ही बघा, पाटीचाबी देव केला हिनं." खरं काय ते तिला सांगावं, असं दत्तोबाला एकदाही वाटलं नाही. पुढं पुढं तर सांगणं अवघडच झालं असेल.

आता कुलपांबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. आठही कुलपं सर्जेरावांनी आठवडे बाजारातून एकाच पथारीवरून आणली होती. दिसायला दणकट होती. किल्लीला दात असतात आणि प्रत्येक किल्लीचे दात वेगळे असायला हवेत. स्वस्त कुलपं करणारा दोन-चारच साचे वापरतो, तेव्हा दात जुळतात. औषधं आणि बियाणं विकत फिरणारा एक माणूस नेहमी उतरायचा. एकदा तो तीन नंबरची किल्ली घेऊन चुकून सात नंबरच्या दाराशी गेला आणि हसत परत आला.

"अहो मालक, तीनची किल्ली सातलाबी लागती की!"

"लागू द्या," सर्जेराव म्हणाले. "एक हरवली तर दुसरी कामाला यील."

हे दत्तोबानं ऐकलं आणि मीही ऐकलं. छबूबाई तेव्हा मोरी धूत होती.

१९९७ सालचा मार्च होता. माळेगाव बुद्रुकची मेघना आणि तिचे वडील नाना दुपारच्या गाडीनं आले आणि सात नंबरच्या खोलीत उतरले. नाना कारखान्यात नोकरीला होते. मेघना रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. लोणी देवकरच्या एका नव्या कंपनीत प्रयोगशाळेसाठी तिची दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मुलाखत होती. तिच्याजवळ एक तपकिरी बॅग होती. बॅगेत दहावीपासूनची सगळी मूळ प्रमाणपत्रं होती.

साडेसहाला दोघं खानावळीत जेवायला गेले. जाताना नाना म्हणाले, "पोरी, बॅग घेऊ का संगं?" छबूबाई पायरीवर बसत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, दादा. मी हाय." सातची किल्ली खिळ्याला लागली. माझ्याखालीच ती लटकत होती. ती तिथून हलली नाही, हे मी छातीठोक सांगू शकते.

पंधरा मिनिटांनी दत्तोबा म्हणाला, "छबूबाई, टँकर आलाय. चार घागरी आणा, सकाळला थेंब न्हाई."

"पावणं यिऊ द्यात."

"टँकर थांबतोय व्हय तुमच्यासाटी? जा, मी हाय हितं."

ती गेली. दत्तोबा बिडी ओढायला गॅलरीत गेला. थोड्या वेळानं तीन नंबरमध्ये उतरलेला तो बियाणंवाला खोल्यांकडून आला. दुपारी तो एक काळी बॅग घेऊन चढला होता. आता त्याच्या एका हातात काळी आणि दुसऱ्या हातात तपकिरी बॅग होती. त्यानं तीनची किल्ली टेबलावर ठेवली, क्षणभर वर बघितलं, माझ्याकडे. मला वाचलं. आणि जिना उतरून गेला.

मित्रांनो, मला ओरडायचं होतं. पण माझ्यावर जे लिहिलं होतं ते त्याच्याच सोयीचं होतं.

मेघना परत आली तेव्हा सातचं कुलूप जसंच्या तसं होतं आणि कॉट रिकामी होती. तिचा आवाज ऐकून सर्जेराव खालून वर आले. त्यांनी कुलूप हलवून बघितलं.

"तुटलं न्हाई. म्हंजी किल्लीनं उघडलंय. एक किल्ली खिळ्याला. दुसरा जुडगा झाडायला म्हणून छबूबाईच्या कंबरंला. आता तुमीच सांगा."

छबूबाई घागर घेऊन दारात उभी होती. तिनं घागर खाली ठेवली. मला वाटलं ती रडेल, शपथा घेईल. ती पुढं आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "जबाबदारी माजीच हाय. मी उठाया नगं हुतं."

"बघा!" सर्जेराव म्हणाले. "कबूल झाली."

"चोरी न्हाई केली मी. पर जबाबदारी माजी. तितं लिवलंय की, माज्या नावासकट." आणि तिनं माझ्याकडे बोट केलं. आजवर माझ्याकडे एकट्या सर्जेरावांचंच बोट आलं होतं.

मेघनानं वर बघितलं, मग छबूबाईकडे बघितलं.

"मावशी, तिथं तुमचं नाव नाही."

"हाय की. दत्तोबाभाऊनी वाचून दावलं हुतं."

मेघनानं मला सावकाश वाचून दाखवलं, एकेक शब्द सुटा करून. छबूबाईनं ऐकलं. मग अगदी हळू विचारलं, "म्हंजी... कुणावरच न्हाई?"

तो प्रश्न मला अजून ऐकू येतो.

सर्जेराव म्हणाले, "कबुली दिलीय. आता पोलीस बघतील." ही बाई चोर ठरणार, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. मेघना खिळ्यांसमोर जाऊन उभी राहिली. तिचं सगळं गेलं होतं, सकाळची मुलाखतही गेल्यात जमा होती. पण तिला शिकवलं होतं की एखादी गोष्ट तशी आहे असं म्हणण्याआधी ती करून बघावी.

"नाना, आठही कुलपं काढून आणा. आणि मालक, एक कागद द्या."

"कागद न्हाई हितं," सर्जेराव म्हणाले.

तेव्हा तिनं मला खिळ्यावरून उतरवलं, टेबलावर पालथं घातलं आणि बॉलपेननं माझ्या पाठीवर चौकोन आखला. उभ्या आठ किल्ल्या, आडवी आठ कुलपं. चौसष्ट घरं. प्रत्येक किल्ली प्रत्येक कुलपाला लावली. नाना किल्ली फिरवत होते; कुलूप उघडलं तर ती फुली करायची, नाही उघडलं तर टिंब. अर्धा तास फक्त किल्ल्यांचा आवाज होता. कुलूप आठ वेळाच उघडायला हवं होतं. बारा वेळा उघडलं. दोनची पाचला, पाचची दोनला. तीनची सातला, सातची तीनला.

"तीनमध्ये कोण होतं?"

दत्तोबा म्हणाला, "गेला तो. सोलापूरच्या गाडीनं." मग तो एकदम बोलला, "मालक, त्यानं सांगितलं हुतं आपल्याला. तवाच सांगितलं हुतं."

"तू गप!" सर्जेराव ओरडले. मेघनाला म्हणाले, "आन् तुमाला वाचता येतंय ना? मालक जबाबदार न्हाईत. लिवल्यालं हाय."

"लिहिलंय," मेघना म्हणाली. "पण मी कुलूप लावून गेले होते, आणि ते कुलूप नव्हतंच, हे तुम्हाला माहीत होतं. ते कुठं लिहिलंय?"

हवालदार आला. त्यानं माझी पाठ बघितली, तीनची किल्ली स्वतः सातला लावून बघितली आणि म्हणाला, "मावशी, तुमी घरी जावा." गुन्ह्याची नोंद त्या बियाणंवाल्यावर झाली. तो सापडल्याचं मी काही ऐकलं नाही.

छबूबाईनं कंबरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. मला दत्तोबानं पुन्हा खिळ्यावर चढवलं होतं. ती स्टूल घेऊन वर चढली. मला वाटलं, नेहमीसारखी पुसेल. तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि रोज पुसताना जपलेलं खंडेनवमीचं कुंकू तेवढं पुसून काढलं. सगळं निघालं नाही. मग ती जिना उतरून गेली, आणि पुन्हा आली नाही. तिनं चोरी केली नव्हती हे त्या संध्याकाळी सिद्ध झालं. ती नऊ वर्षं जिच्यावर भरवसा ठेवून बसली होती ती ओळ कधी नव्हतीच, हेही त्याच संध्याकाळी सिद्ध झालं.

दोन महिन्यांनी तिच्या नावानं लॉजवर कार्ड आलं. मेघनाचं. विद्यापीठातून प्रमाणपत्रांच्या दुसऱ्या प्रती मिळाल्या, कंपनीनं पुन्हा बोलावलं, मावशींना कुणीतरी वाचून दाखवा, असं लिहिलं होतं. दत्तोबानं ते तीनदा वाचलं. या वेळी जसं लिहिलं होतं तसंच, पण ऐकायला कुणी नव्हतं. छबूबाई लेकीकडे वरकुट्याला गेली एवढंच कळलं होतं. त्यानं कार्ड खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून वरकुट्याच्या गाडीत बसला. त्याची गाठ पडली की नाही, त्यानं सांगितलं नाही. पण त्यानंतर दिवेलागणीला तो टेबल सोडून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसायचा. पाठमोरा बसला की अंधारात वाटायचं, डोक्यावर पदर आहे.

गेल्या वर्षी लॉज बंद झालं. मी इथं आले. उन्हानं माझ्या तोंडावरची अक्षरं पोपडे धरून गळताहेत. पाठीवरची शाई मात्र टिकली आहे, आणि वरच्या कोपऱ्यात कुंकवाचा फिकट डागही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, परगावी जाल, मुक्कामाला राहाल. माझ्यासारख्या पाट्या तुम्हाला दिसतील. त्या वाचा, पण आधी कुलूप नीट बघा. तुमच्या दारी कुणी विश्वासानं काही ठेवलं तर त्याच्यापुढं पाटी लावू नका. आणि एवढं माझ्यासाठी करा. ज्याला वाचता येत नाही असं एखादं माणूस थांबून विचारेल, "काय लिवलंय हो ह्यावर?" त्याला जे लिहिलंय तेच वाचून दाखवा.