मंगळवारी भाव पडतात

नवऱ्याने दार लोटलं तेव्हा ठकीचा डावा हात चौकटीवर होता, आणि तो त्याला दिसत होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे तो सगळ्यांना "चुकून लागलं हो" असं सांगत फिरला आणि लोकांनाही तेच सोयीचं वाटलं. मधली दोन बोटं मोडली. ठकी मटकन खाली बसली. त्याने दार पुन्हा उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "जा आता कामाला. शिव पडदे."

त्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. अडकलेल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून अलगद बाहेर काढायचा, त्यामुळे आसपासच्या इमारतींत त्याला देवमाणूस म्हणत. "सोन्यासारखे हात आहेत हो तुमच्या मिस्टरांचे," असं शेजारीण ठकीला येता-जाता ऐकवायची. ठकी एकदा पोलिसांकडेही जाऊन आली होती. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं, गोडीगुलाबीने समजूत घातली आणि घरी पाठवलं. त्या समजुतीचे वळ महिनाभर तिच्या पाठीवर होते.

त्या परदेशी शहरात ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लॉन्ड्रीत, मागच्या खोलीत, शिलाई मशीनवर बसायची. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, पडद्यांना काठ घालायचे. लॉन्ड्रीच्या मालकीणबाई मोजकं बोलणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी तिची बोटं पाहिली, दोन्ही मिळून कापडाच्या पट्टीने घट्ट बांधली आणि दुकानाचा फोन तिच्यापुढे सरकवला.

"माहेरी लाव," त्या म्हणाल्या. "तुझा पासपोर्ट माझ्याच कपाटात आहे. कामाच्या कागदांसाठी घेतला होता तो मी मुद्दाम परत दिला नाही."

ठकीने दादाला फोन लावला. "दादा, मला तिकडे यायचंय. कायमचं. तो मारतो मला."

दादाला रडू फुटलं. खोटं कशाला बोला, ढसाढसा रडला. नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, "जीव घेईन त्याचा" म्हणाला. मग नाक पुसलं, कॉम्प्युटर उघडला, आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

कारण दादा म्हणजे त्या घराण्याचा तिकीटमंत्री. पोटापाण्यासाठी चष्म्याचं दुकान होतं, पण खरा जीव रमायचा तो परदेशी विमानांच्या भावांत. सख्ख्या-चुलत कुणालाही कुठे जायचं असो, तिकीट दादाच काढणार. मावशीला त्याने एकदा इतकं स्वस्तात पाठवलं, की बिचारी मधल्या विमानतळावर एकाच खुर्चीत दिवस काढून बसली. वर सामानाचे पैसे वाचावेत म्हणून अंगावर चढवलेल्या चार स्वेटरांत उकडून निघाली ती वेगळीच. तरी परत आल्यावर तिने कौतुकच केलं, आणि अशा कौतुकाने माणूस बिघडतो. पैसे नव्हते असं अजिबात नाही. शेजारच्या सीटवर बसलेल्याने आपल्यापेक्षा कमी दिले असतील, ही कल्पना त्याला सहन होत नसे, एवढंच.

"ठके, आज शनिवार," तो म्हणाला. "आज भाव नुसते भडकलेत गं. मंगळवारी पडतात. दोन-तीन दिवस कळ काढ, मी डोळ्यात तेल घालून बसतो."

लहानपणापासून दादा सांगेल ते ऐकायची ठकीला सवय होती, आणि मारणाऱ्याच्या घरात राहून माणूस "आत्ता" हा शब्द म्हणायलाही घाबरतो. "बरं," ती म्हणाली.

दादाने खरंच कष्ट घेतले. जेवण सुचेना त्याला. या कंपनीचं बघ, त्या कंपनीचं बघ, बायकोच्या फोनवरून बघ, दुकानातल्या पोऱ्याच्या फोनवरून बघ. प्रेम होतं हो त्याचं बहिणीवर, कोण नाही म्हणतंय! पण त्याचं प्रेम भाव पडायची वाट बघत बसलं होतं आणि नवऱ्याचा हात कशाचीच वाट बघत नव्हता.

सोमवारी सकाळी शर्टाला इस्त्री नीट झाली नव्हती. मोडक्या बोटांनी कापड ताणून धरता येत नाही, हे ठकीने सांगायला नको होतं. "म्हणजे माझ्यामुळे?" त्याने विचारलं. मानेला धरून त्याने तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. पुढचा एक दात तुटून भांडी घासायच्या पाण्यात पडला. ती खाली कोसळली तेव्हा त्याने बरगडीत लाथ घातली. मग पायातला बूट सरळ केला आणि दुसरी लाथ घातली. श्वास आत जाईना. फरशीवर गाल टेकून ठकी त्याचे बूट बघत होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की उद्या मंगळवार. तो दुसरा शर्ट घालून कामावर गेला, जाताना सांगून गेला की रक्ताने फरशी घाण झाली आहे.

मंगळवारी दादाचा फोन दुकानात आला तो आनंदाने उड्या मारतच. "ठके, कमाल झाली! आपल्या गावचं तिकीट महाग आहे, पण आपल्या गावावरून पुढे तिसऱ्याच देशात जाणारं विमान आहे ना, त्याचं निम्म्याने स्वस्त! म्हणजे काय करायचं, तिकीट काढायचं शेवटापर्यंतचं आणि उतरायचं मध्येच. पुढे कोण बघतंय? फक्त सामान हातातच ठेव. बॅग आत दिलीस तर ती जाईल पुढे. उद्याचंच काढून टाकलंय."

"माझ्याकडे सामान नाहीये, दादा."

"तोंडात काय आहे? खातेयस का काही?"

तुटलेल्या दातातून हवा जात होती आणि शब्द बोबडे येत होते. ठकीला सगळं पहिल्यापासून सांगायचं बळ राहिलं नव्हतं. "हो," ती म्हणाली.

बुधवारी नवरा कामावर गेल्यावर तिने स्वतःचा फोन घरीच ठेवला, चांगले बूट घातले आणि निघाली. मालकीणबाईंनी पासपोर्ट दिला, आपला जुना फोन दिला आणि टॅक्सीत बसवलं. विमानतळावर पोचेपर्यंत प्रत्येक खड्ड्याला बरगडी ओरडत होती. तरी काउंटरपाशी पोचल्यावर ती पहिल्यांदा जरा सैल उभी राहिली.

काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट उलटसुलट चाळला. "पुढच्या देशाचा व्हिसा कुठाय?"

"मी तिथे जाणार नाहीये. मी मध्येच, माझ्या गावी उतरणार."

"तिकीट शेवटपर्यंतचं आहे. व्हिसा नसेल तर मला तुम्हाला विमानात बसवता येत नाही."

दादाने ही युक्ती आजवर कितीदा तरी वापरली होती. पण ज्यांना पाठवलं त्यांच्याकडे पुढचा व्हिसा तरी असायचा, नाहीतर तो लागतच नसे. बहिणीच्या वेळी तिकिटाच्या आकड्यापलीकडे त्याने काही बघितलंच नाही. ठकीने फोन लावला तर पलीकडे त्याची पाचावर धारण बसली. "अरे देवा! थांब, थांब हं. उद्याचं एक दिसतंय, बरं आहे..."

"दादा, आत्ताचं. हेच विमान."

"याचा आत्ताचा भाव माहितेय का तुला? चौपट..."

पुढचं ठकीला ऐकू आलं नाही. काचेच्या दारातून नवरा आत येत होता. जेवायला घरी आला असणार, चांगले बूट जागेवर नाहीत हे बघितलं असणार, आणि तिच्या गावाकडे जाणारं विमान दिवसातून एकच आहे हे त्याला ठाऊक होतं. तो धावत आला नाही. शांतपणे आला आणि तिचा डावा हात धरला, नेमकी मोडलेली बोटं.

"चल घरी," तो म्हणाला आणि बोटं पिळली.

ठकी किंचाळली. रांगेतली माणसं वळली तसा तो हसला. "बायकोची तब्येत बरी नसते हो. डोक्याचं आहे जरा." एका गृहस्थाने समजूतदारपणे मान हलवून आपली ट्रॉली बाजूला घेतली, त्यांना जायला वाट करून द्यायला. असली समजूतदार माणसं जगात पैशाला पासरी मिळतात.

तिने उरलेल्या दातांनी त्याच्या मनगटाचा चावा घेतला. रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. त्याने केस धरून तिचं डोकं ट्रॉलीच्या दांड्यावर आपटलं, एकदा, आणि पुन्हा. फोन फरशीवर पडला होता, चालूच होता, त्यातून दादा "ठके! ठके!" म्हणून ओरडत होता. तिच्या हाताला रांगेच्या पट्ट्याचा लोखंडी खांब लागला. तो तिने उजव्या हाताने आडवा ओढला आणि सगळं अंग त्याच्यामागे घालून नवऱ्याच्या गुडघ्यावर हाणला. काड्कन आवाज झाला. तो पडला. ठकी थांबली नाही. खांब तिला पुन्हा उचलवत नव्हता म्हणून ती बुटांनी मारत राहिली, पोटात, पाठीत, त्या सोन्यासारख्या हातांवर. तिला बरं वाटत होतं. अतिशय बरं वाटत होतं. सुरक्षारक्षक आले तेव्हा दोघांनी त्याला दाबून धरलं आणि दोघांना तिला धरावं लागलं.

"आधी त्याने मारलं," काउंटरवरची बाई सामानाच्या पट्ट्यावरून उडी टाकून आली होती. "मी बघितलंय सगळं. लिहून देते." तिने खाली पडलेला फोन उचलला. "कोण बोलतंय? भाऊ का? तुमच्या बहिणीला आज जायला मिळणार आहे की नाही?"

"काढलं," दादा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "हेच विमान, आमच्या गावापर्यंतचं. काढलं. तुमच्या स्क्रीनवर आलं का बघा."

आलं होतं. मार खाल्ल्याचा आणि मारल्याचा जबाब देऊन, कपाळाला पट्टी बांधून घेऊन, ठकी सगळ्यांच्या शेवटी विमानात चढली.

गावच्या विमानतळावर दादा कठड्याला टेकून उभा होता. ती बाहेर येताच धावला, आणि काय बोलावं ते न सुचून भलतंच बोलू लागला. "विमान वेळेवर आलं ना? जेवण दिलं का गं? या तिकिटात जेवण धरलेलं असतं."

ठकीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याला ओठांमागची पोकळी दिसली.

"हा दात... काल पाडला त्याने?"

"सोमवारी."

दादाने बोटांवर दिवस मोजले. "सोमवारी... अगं, मी म्हटलं मंगळवारी भाव..."

तिने त्याच्या थोबाडीत मारली. चांगली सणसणीत, चार माणसं वळून बघतील अशी. इतक्या दिवसांचा राग त्या एका हातात आला होता, आणि तो नवऱ्यावरचा नव्हता, दादावरचाच होता.

दादाने चोळायला म्हणून हात गालाकडे नेला. हात वर जाताना दिसला मात्र, आणि ठकी जागच्या जागी खाली बसली. हनुवटी छातीत खुपसली, दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरले आणि डोळे मिटून वाट बघत राहिली.

दादाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने हात हळूच खाली आणला आणि तिच्यापासून जरा लांब, तिथेच फरशीवर बसला. माणसं बॅगा ओढत दोघांना वळसा घालून जात होती.

"ठके, हात खाली घे. मी आहे. मी नाही मारणार."

तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला. ठकीला ऐकू येत होतं, आवाज दादाचा आहे हे कळत होतं, तो मारणार नाही हेही कळत होतं. हात खाली येत नव्हते.