सीलबंद घराचा पंच

लोहाऱ्याच्या वाटेवरच्या त्या लहानशा गावात रणधीरच्या घराचा ओटा रस्त्यावर हातभर पुढं आला होता. नगरपंचायतीनं दंड ठोकला, तीन नोटिसा धाडल्या. पण रणधीर पुण्यात, त्याला कशाचं सोयरसुतक नव्हतं. शेवटी वसुली कारकून शिवप्रसादनं दार एकदा वाजवलं, आतून ओ आली नाही, तसं कुलूप घालून लाखेचं सील केलं.

नियमानं दोन पंच घेऊन खोली न् खोली बघायची असते. पण पंच म्हणजे डोक्याला ताप, उद्या कोर्टात उलटायचे. शिवप्रसादची युक्ती जुनी होती. मतदार यादीत मयत म्हणून खोडलेली दोन नावं उचलायची आणि कचेरीत पंख्याखाली बसून त्यांच्या सह्या आपणच करायच्या. या खेपेला पहिलं नाव निघालं कोंडीरामचं. पंचनाम्यावर 'घर रिकामे' असं लिहून त्यानं चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो जाहीर नोटीस डकवायला गेला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्या ओट्यावर मात्र एक म्हातारा बसला होता. बोडक्या डोक्यानं, रणरणत्या उन्हात, आणि अंगावर घामाचा टिपूस नाही.

"कोण हो तुम्ही?"

"म्या कोंडीराम. ह्या घराचा पंच."

शिवप्रसाद ओट्यापासून दोन पावलं मागं सरला.

"सायेब, मला सही येत न्हाय. तुमीच केलीसा, असू द्या. पर घर रिकामं हाय असं म्या कवा म्हनलो? आत बाई हाय. सील मोडा, मंग मला जाता येतंय."

शिवप्रसादनं लाख फोडली, कुलूप काढलं. दारामागंच इरम्मा पडली होती, रणधीरची मावशी. घर राखायला आली आणि तापानं फणफणली होती. शेजारून पाणी आणून त्यानं थेंब थेंब तिच्या तोंडात सोडलं. तिनं डोळे उघडले तेव्हा तो चक्क रडला.

"भाईरचं बाबा गेलं व्हय?" ती पुटपुटली. "रातभर बोलत बसलं व्हतं. भिऊ नगं, पंच हाय म्या, म्हनायचं."

ओटा रिकामा होता.

तिला दवाखान्यात पोचवून त्यानं कचेरीत फाईल उघडली, खरं ते लिहायला. कोंडीरामच्या नावापुढं त्यानं केलेली सही नव्हती. तिथं निळ्या शाईचा अंगठा होता, अजून ओला.

बाहेरच्या बाकावर एकेक माणूस येऊन बसल्याचा आवाज झाला. शिवप्रसादनं कपाटाकडं बघितलं. तसल्या सह्यांच्या फायली त्यात अजून एकवीस होत्या.